अकरा इंच

आधी फळ्यांमध्ये अठरा इंच ठेवले होते.
मी अजून इंचातच मोजतो,
सेंटिमीटर माझ्या हातात बसत नाहीत.
पहिल्याच रात्री ती पडली.
आवाज एवढासा, ओल्या मोज्याचा गोळा
खुर्चीवरून घसरावा तेवढा.
ओटिली म्हणाली, पुन्हा कर.

ओटिलीकडे जखमी जनावरं येतात,
इतरांकडे पाहुणे येतात तशी, न कळवता, रात्रीची.
ऑर्बोस्टचा रस्ता, नदीच्या अलीकडे, तिसरं फाटक.
ही शुगर ग्लायडर. मादी. एकशे दहा ग्रॅम.
पुढचा डावा पाय खांद्यापासून नाही.
डॉक्टरने कापला म्हणण्यापेक्षा
उरला होता तेवढा काढला.
त्याच्याबरोबर त्या बाजूचा पडदाही गेला,
मनगटापासून घोट्यापर्यंत ताणला जाणारा,
ज्याच्या जोरावर ही जात एका झाडावरून दुसऱ्यावर
हवेत घडी उलगडत जाते.
आता उजवीकडे चादर, डावीकडे नुसती शिवण.

काटेरी तार. कुंपणाची सगळ्यात वरची ओळ.
सोडवत बसायला वेळ नव्हता,
म्हणून ओटिलीने तारेसकट आणलं होतं तिला.
तो तुकडा टेबलावर पडला होता, माझ्या चहाशेजारी.
चाळीस वर्षं मी या खोऱ्यात कुंपणं घातली.
दिवसाला अर्धा मैल तार ओढणं
माझ्या डाव्या हाताचा मळ होता.
प्रत्येक कुंपणवाल्याची गाठ वेगळी असते, सहीसारखी.
मी आठच्या आकड्याची बांधतो, शेपूट आत वळवून.
बांधायचो.
गाठ ओळखली. चहा संपवला.

दुसऱ्यांदा पंधरा इंच. तिसऱ्यांदा अकरा.
दुकानातले गुळगुळीत दांडे काढून टाकले,
वॅटलच्या फांद्या आणल्या, मनगटाएवढ्या, सालीसकट,
तिरक्या लावल्या, कुठेच सरळ चढ नको.
झोपायची पिशवी छतावरून गुडघ्यापर्यंत उतरवली,
तोंड रुंद केलं. कापड माझ्या जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचं,
खिशासकट.
प्रत्येक फळीखाली एक झोळी.
पडणं थांबणार नव्हतं,
आपटणं थांबवता आलं.

सफरचंदाची फोड ती उचलायची
आणि क्षणभर वाट पाहायची,
दुसरा हात येईल म्हणून.
फोड निसटायची.
मग फळीत एक बोथट खुंटी ठोकली, फोड तिच्यात रोवली.
खुंटी धरते, ती खाते.

डावा कान खाजवायला मागचा पाय उचलला
की ती कलंडायची.
म्हणून जाळीला, तिच्या कानाच्या उंचीवर,
दात घासायचा ब्रश बसवला, दांडी कापून.
वापरलेला नको, ओटिली म्हणाली.
गावात गेलो. तिथल्या पोरीने विचारलं, मऊ की मध्यम?
मऊ, म्हटलं. कुणासाठी ते सांगितलं नाही.

एकटं राहणं या जातीला मानवत नाही.
हिवाळ्याच्या शेवटी ब्रूथेनहून एक म्हातारा नर आला,
एका डोळ्याने अधू, स्वभावाने खडूस.
चार रात्री एकमेकांवर करकरले,
जुन्या बिजागरीसारखे.
पाचव्या पहाटे पिशवीत डोकावलो
तर तो तिचा डावा कान चाटत होता,
आणि ती डोळे मिटून तशीच पडलेली.
ब्रशकडे आता कुणी जात नाही.
काढला नाही मी. असू दे.

ओटिलीला गाठीचं सांगितलेलं नाही.
तिला माहीत असावं.
तो तुकडा अजून खिडकीत आहे,
बी-बियाण्यांच्या पाकिटांवर वजन म्हणून.

रात्री कधी कधी लाल दिवा लावून बसतो.
ती सगळ्यात वरच्या फळीवर येते,
समोरच्या फांदीकडे बघते,
डोकं डावीकडे, उजवीकडे हलवते,
उडी घेण्याआधी ही जात असंच अंतर मोजते.
दोन खांबांमधलं मीही असंच मोजायचो,
फिता नंतर.
मागचे पाय जवळ घेते. अंग ताणते.
इथून तिथे चार फूट.
त्या चार फुटांचं मला काही करता आलेलं नाही.
बराच वेळ ती तशीच असते.
मग वळते,
आणि तिरक्या फांदीवरून
चालत खाली येते.