रकाना सतरा

साहेबांनी फळ्यावर शून्य काढलं.
मार्कर वाळलेला,
त्यामुळे वर्तुळ वरच्या बाजूला मिटलंच नाही.
“एवढंच गाठायचंय,” म्हणाले, “वीस वर्षांत.”
खिडकीखाली मुठा, तिच्यात जलपर्णी,
पुलावर वाहनं हॉर्न वाजवत उभी.

मग रकाने वाटले गेले.
वीज इम्तियाज बागवानला, सिमेंट साठेबाईंना,
डिझेल, कचरा, बोअरवेलचे पंप, टँकर
(पुण्यात किती टँकर धावतात
ते टँकरवाल्यालाही विचारू नये).
माझ्याकडे झाडं होतीच,
आणि ज्याला कुणी हात वर केला नाही
तो रकाना सतरा: अंत्यविधी.
लाकूड, गोवऱ्या, गॅस, वीज. एकक किलो.

झाडांचं काम मला येतं.
टेप घेऊन मिठी मारायची,
छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा,
पिवळ्या रंगात नंबर टाकायचा, पुढे जायचं.
दोन वर्षं सिंहगड रोडवर हेच केलं.
लोक विचारायचे, तोडणार का?
नाही हो, मोजतोय.
मोजून मग तोडणार का?

वैकुंठात सोनकांबळे भेटले.
रजिस्टरवरचा चहाचा ग्लास बाजूला केला.
“पाच वर्षांचं पाहिजे? बसा मग.
कोविडची पानं वेगळी बांधलीत.
ती बेरजेत घ्यायची का,
ते तुमच्या साहेबांना विचारा.”
मी विचारलं नाही.

नाव, वय, वेळ, लाकूड तीनशे.
नाव, वय, वेळ, विद्युत.
नाव, वय, वेळ, लाकूड तीनशे.
पेन्सिलीने चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
एका आडव्या रेघेवर हात थांबला:
एकनाथ सखाराम पोकळे, ७४, सायं. ६.४०, लाकूड तीनशे.

आप्पा.

एकतीस वर्षं धायरी ते खडकी सायकल मारली,
दारूगोळा कारखान्याच्या भोंग्याआधी.
एकच पाणी तीनदा वापरायचे:
आधी तांदळाला, मग भांड्यांना, मग कढीपत्त्याला.
याला रकाना नाही.
इम्तियाज म्हणतो, न जळालेलं डिझेल
कुठे लिहिणार, ताई?

विद्युतदाहिनीत करू, मी म्हटलं होतं त्या दिवशी.
दादा म्हणाला, बटण दाबून पाठवायचं का त्यांना?
मी गप्प बसले.

मार्गदर्शिका, पान एकशे बारा:
लाकडातला कार्बन झाडाने हवेतूनच घेतलेला असतो,
सबब तो वेगळा नोंदवावा,
बेरजेत शून्य धरावा.

म्हणजे आप्पा पोहोचले की.
अख्ख्या शहराच्या आधी,
कुठलाही आराखडा नसताना.

उठून वखारीच्या शेडकडे गेले.
ओंडके छतापर्यंत रचलेले.
“कुठून येतात हे?”
“वादळात पडलेले, रस्त्यात आलेले.
तुमच्याच खात्याचे.”
खालून तिसऱ्या ओंडक्यावर पिवळा रंग,
चार आकडे, त्यातला नऊ माझा.
माझा नऊ नेहमी मागे झुकतो.
रेनट्री, घेर तीनशे दहा,
मिठीत न मावलेलं;
टेपचं दुसरं टोक
रसवंतीवाल्याने धरलं होतं,
त्याच्या हाताचं लिंबू टेपला लागलं होतं.

शुक्रवारी आढावा.
सोळा रकाने भरलेले, रंगीत तक्ते, क्रीमरोल.
“पोकळे, सतरा रिकामा का?
नियमाने शून्यच येतं ना? टाका शून्य.”
फळ्यावरचं अजून तसंच, वरून उघडं.
लाकूड अजून ओलं आहे, साहेब, मी म्हटलं.

कुणी हसलं नाही.
इम्तियाजने माझ्या कपात चहा ओतला.
खाली सिग्नल सुटला, एकदम सगळे निघाले.