माल्ट्याची वाळू

भरमाण्णा लेकीकडून परतला,
ती तिथं नर्स.
खानापूर स्टँडवर चहा घेता घेता विचारलं,
समुद्र कसा काय?

म्हणाला, निळा.
धुणं निळीत बुडवताना
हात चुकावा, तसला.
आणि पडकी देवळं बघायला तिकीट.
दोरी बांधलेली, हात लावायचा नाही म्हणे.
एक दगड मात्र असा सपाट, तापलेला,
रत्नव्वा असती तर सांडगे घातले असते की.

मग बशीत बघत राहिला.

हलशीला उतरून घरी गेलाच नाही.
कदंबांच्या देवळामागं
आडव्या खांबावरची शेळी हुसकली,
तळवा टेकून बसला
बराच वेळ.
चप्पल झटकली तर
तांबड्या मातीवर चिमूटभर पांढरी वाळू.

शेळी परत आली,
हुंगून बघितली,
शिंकली.