खालच्या ओळीतली वीट

परभणीच्या आमच्या हॉलमध्ये,
ज्याचे अजून अकरा वर्षं हप्ते आहेत,
टीव्हीमागच्या भिंतीवर
मी मास्किंग टेपच्या रेघा मारल्या:
नऊ इंच, तीन इंच, सांधा मोडून.
वर पुट्टी थापली, टेप ओढली,
गेरूत पिवडी, चिमूटभर काजळी कालवून
रविवारभर विटा रंगवत बसले.

हे म्हणाले, अगं, भिंत विटांचीच आहे.
आधी गिलावा करून झाकल्या,
आता वर त्यांचंच चित्र?
मी म्हटलं, शिडी धरा.

दिवेलागणीला केवळाबाई आल्या भांड्यांना.
जिंतूर रोडच्या भट्टीवर
बारा दिवाळ्या काढलेली बाई.
ओले हात पदराला पुसत
लांबून बघितलं, जवळून बघितलं.
"समद्या एकसारख्या कशा वं, ताई?
कडंची पिवळी राहती, कच्ची.
मधली जळून झामा होती, काळी.
एकीचा तरी कोपरा उडावा का न्हाई?"

खालची ओळ अजून ओली होती.
त्यातल्या एका विटेत
त्यांनी चार बोटं दाबली, खाली अंगठा टेकला.
"रातच्याला वल्ल्या विटांवरून कुत्रं जातंय.
थापणारीला शिव्या बसत्यात.
पर वीट भाजतीच."

आता पाहुणे चहा घेताना विचारतात,
खऱ्या का हो?
मी म्हणते, नाही.
तोवर त्यांचं पोर खाली उकिडवं बसून
त्या पंजात बोट घालून बघतं
आणि सोफ्याखाली वाकून
कुत्रा शोधतं.