शनिवारी कासव उलटं करतो

शनिवारी सकाळी मी कासव उलटं करतो.
नाव पोरांनी ठेवलंय. कंपनीचं नाव होतं कव्हरवर,
ते पाषाणच्या उन्हानं खाल्लं.

उचललं की ते ओरडतं, चार आकडे मागतं.
आकडे गुप्त आहेत,
म्हणजे वॉचमनच्या कॅलेंडरवर लिहिलेत.

आधी बटण बंद, मगच पोटाखाली हात.
हे भोसरीत शिकलो, टूलरूममध्ये.
मोकाशी फोरमनच्या उजव्या हाताला साडेतीन बोटं होती,
ते एकदाच सांगायचे.

पोटाला हिरवा लगदा, भाताच्या खरवडीसारखा.
प्लॅस्टिकची पट्टी, दात घासायचा जुना ब्रश, ओलं फडकं.
पाणी मारायचं नाही.
एकदा सोनटक्क्यानं गाड्या धुवायचा पाइप लावला,
तर पंधरा दिवस ते लाल डोळा उघडून
नुसतं बसून होतं चार्जरवर.

चाकांतून जे निघेल ते निघेल:
कडुनिंबाच्या काड्या, दुधाच्या पिशवीचा निळा कोपरा,
रंगपंचमीचा गुलाबी चिखल,
आणि संक्रांत होऊन दोन महिने झाले तरी
आसाला सात-आठ वेढे मांजा.
तो दाढीच्या ब्लेडनं काढतो. सावकाश.
त्याला अजून कापायची सवय आहे.

पाती तीन, बोटाच्या पेराएवढी.
धार डोळ्यांना दिसत नाही, नखावर कळते.
धार गेली की गवत कापलं जात नाही, फाटतं,
दुसऱ्या दिवशी शेंडे पांढरे पडतात
आणि मेहेंदळेबाईंना ते तिसऱ्या मजल्यावरून दिसतं.
बदलायची तर तिन्ही एकदम.
एक नवं, दोन झिजलेली, असं केलं की थाळी डुगडुगते,
बेअरिंग कण्हायला लागतं.

बेअरिंग ऐकायचं स्क्रूड्रायव्हरनं:
टोक मोटरवर, मूठ कानाशी.
डावा कान प्रेसशॉपमध्ये गेला. उजव्यानं भागतं.

मागच्या मंगळवारी पाठ पुसताना
पांढरे शिंतोडे दिसले, आणि एक ओरखडा.
कासव झाडाखालून जात नाही.
म्हणून त्याच्या मागोमाग चालत गेलो,
ट्रान्सफॉर्मरच्या मागं, गवत विरळ आहे तिथवर.

टिटवी डोक्यावरून अशी आली की टोपी पडली.
खडीत चार अंडी. खडीच्याच रंगाची.
पाचवा खडा म्हणून मी पाय ठेवणार होतो.

घरी जाऊन पक्कड आणली.
हद्दीची वायर तोडली, जोड दिला,
अंड्यांपर्यंत नेली, भोवती हातभर वळसा घातला,
आणि त्याच वाटेनं परत आणली.
जाणारी-येणारी चिकटून ठेवायची,
मग दोघी एकमेकींचा आवाज मारतात,
कासवाला वाटेत काहीच नाही असं वाटतं.
वळशाशी मात्र ते थबकतं, मागं सरतं, तोंड फिरवतं.

गवत वाढलं. पांढरे शेंडे नकोत म्हणणाऱ्यांना
हिरवा झुबका कसा चालेल?
"नरवडे, ट्रान्सफॉर्मरपाशी राहिलंय."
"वायरला फॉल्ट आहे मॅडम. पार्ट पुण्यात मिळत नाही, मागवलाय."
"किती दिवस?"
"अठ्ठावीस."
बाईंनी चष्मा वर केला. तिकडं बघितलं.
तेवढ्यात ती उठली, आकाश फाडत ओरडली, परत बसली.
बाईंनी रजिस्टरात लिहिलं:
पार्ट आल्यावर कळवणे. घाई नाही.

आज अकरावा दिवस.
चार्जरच्या दोन पितळी जिभा पॉलिश पेपरनं घासल्या,
स्क्रू आवळले, जास्त नाही, मनगट थांबेल तिथवर.
कासव सुलटं केलं. चार आकडे दाबले.
ते निघालं.

टिटवीला वायरचं काय माहीत.
ती अजून रोज त्याच्यावर धावून जाते,
आणि ते वळलं की
तिला वाटतं, तिनंच वळवलं.