कालचं अजून ओलं आहे

लिएपायात डिसेंबरात उजेड नऊला येतो
आणि साडेतीनला, पाहुण्यासारखा,
टोपी शोधू लागतो.
मधल्या साडेसहा तासांत
बटाटे, डाव्या गुडघ्याचं मलम, बीरुताचा फोन,
आणि तळहाताएवढी एक फळी.

फळ्या खालच्या मजल्यावरचा गिर्त्स कापून देतो,
लोकांनी टाकलेल्या कपाटांच्या पाठीतून.
एखादीला बिजागरीचं भोक असतं.
त्या दिवशी मी भोकाला वळसा घालून काढते.

आज कांदा.
कालही कांदाच होता,
पण काल तो अख्खा होता.

एकतीस वर्षं मी ट्राम चालवली.
एकच मार्ग, तेच थांबे, पुलावर तोच वारा.
लोक विचारायचे, आउस्त्रा, कंटाळा नाही येत?
मी म्हणायचे, ट्रामला सुकाणू नसतं.
वळायचं काम रुळांचं,
आपण वेळेवर निघायचं आणि समोर बघायचं.
चित्रांचं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

पांढरा सगळ्यात आधी संपतो.
निळा वर्षानुवर्षं पुरतो, कारण मी त्याला भिते.
सुरुवातीला रंग हातचा राखून काढायचे,
वाटाण्याएवढा, पेन्शनीतला काढावा तसा,
आणि कांदा आजारी दिसायचा.
आता भरपूर पिळते.
उरलेलं सगळं कालवलं की राखाडी होतो,
आणि या गावाला राखाडी
कितीही असला तरी कमीच पडतो.

नियम एकच: कालच्याला हात लावायचा नाही.
अवघड आहे. तैलरंग वाळत नाही लवकर.
रेडिएटरवरच्या फळीवर ओळीने उभे असतात
काल, परवा, तेरवा,
सगळे ओले, सगळे अजून सुधारता येण्याजोगे.
मंगळवारच्या नासपतीची मान वाकडी बसली आहे.
ब्रशचा एक फटकारा पुरला असता.
मी तिच्याकडे पाठ करून बसते.

मार्चमध्ये एगोन्स मीटर वाचायला आला.
"ओलं आहे का?" म्हणाला,
आणि विचारता विचारताच
अंगठा टेकवला हेरिंगच्या पाठीवर.
मग अंगठ्याकडे पाहिलं, मासळीकडे, माझ्याकडे.
कानापर्यंत लाल.
मी चिंधी दिली, टर्पेंटाइन दिलं,
मीटरचा आकडा मीच वाचून सांगितला.

नियम म्हणजे नियम.
चारशे बारा नंबरच्या हेरिंगला
पाठीवर एक अंगठा आहे, रेघा मोजता येतील असा.
आणि खरं सांगायचं तर तेवढ्याच जागी
ती नुकती समुद्रातून निघाल्यासारखी दिसते.
बाकीची मी काढलेली आहे.

जूनमध्ये तो परत आला, हात मागे बांधून.
"वाळली?"
वाळली होती. म्हटलं, लाव आता.
त्याने अंगठा अंगठ्यात ठेवून पाहिला.
बसला.
त्यावर आम्ही दोघंही काही बोललो नाही,
कॉफी मात्र घेतली.

बीरुता विचारते, एवढ्यांचं करणार काय?
रोज मरे त्याला कोण रडे,
तसं रोज काढे त्याला कोण बघे.
तळं वगैरे साचत नाही, तिला सांगितलं.
फळी भरली की जुनी कपाटात जातात.
कपाटांच्या पाठी, परत कपाटात.

साडेतीन.
सावली अर्धी राहिली आहे, ती तशीच.
मागे पेन्सिलीने सहाशे सत्याऐंशी लिहिलं,
रेडिएटरवरच्या सगळ्यांना एकेक जागा सरकवलं,
अर्धा कांदा सूपमध्ये टाकला.

उरलेल्या अर्ध्यात मधोमध कोंब आहे,
नखाएवढा, हिरवा.
हिरव्याची ट्यूब माझ्याकडे नाही.
म्हणजे उद्या
निळ्याचं टोपण उघडावं लागणार.