वाइंडिंग

जिंतूरच्या मोंढ्यामागं, पत्र्याच्या दुकानात
सोजर जळकी मोटार उघडते.
हाच वास.
विहिरीवर भाऊ चिकटला तेव्हापासून
घरातलं बटण ती
लाटण्याच्या टोकानं दाबते.

"मग इथं काहून आलीस?" उस्मानचाचानं विचारलं होतं.
"भ्यायचंच, तर वळखून भ्यावं."

तांब्याची तार बोटं कापते.
वेढे मोजताना ओठ हलतात;
अठ्ठेचाळीसला कुणी हाक मारली
की पुन्हा एकपासून.

दिवस कलताना टेस्टिंग.
चाचा मुद्दाम चहाला गेलेले.
ती चपला घालते,
तळहात पदराला पुसते, दोनदा,
खटका वर

मोटार गुणगुणते.

सोजर हातभर लांबच उभी.
मग पावतीवर, आपल्या अक्षरात,
मजुरी: सातशे.

घरचं बटण
आज बोटानं, बघू.