साडेछत्तीस

टेप माझ्या गळ्यातच असतो,
तरी स्वतःचं माप मी कित्येक वर्षं घेतलं नव्हतं.
बायकांची घेते. छाती, कंबर, मुंढा, बाहीची गोलाई.
कोपरखैरण्यात, माथाडी चाळीच्या तळमजल्यावर,
दिवसाला चार ब्लाउज, लग्नसराईत नऊ.

एआरटीच्या जुन्या गोळ्यांनी जीव राखला
आणि मजुरी दुसरीकडून कापून घेतली.
गाल आत, दंड काटकुळे,
मांड्यांवरचं मांस कुठं गेलं देव जाणे,
आणि पोट पुढे.
भाजीवाल्याची नवी सून म्हणाली, कितवा गं, मावशी?
मी एक्कावन्न वर्षांची. नवरा जाऊन एकोणीस.
म्हटलं, सातवा.
तिनं कोथिंबीर फुकट दिली.

डॉक्टर कुरूप नेरुळला बसतात.
म्हणाल्या, शालनताई, एक अभ्यास आहे, सव्वीस आठवड्यांचा.
हे हार्मोन नाही, हार्मोनला हाक मारणारं आहे.
मेंदूखाली वाटाण्याएवढी गाठ असते,
तिला रोज आठवण करायची, एवढंच.
मी विचारलं, पोटावरची चरबी जाईल?
पोटावरची नाही, पोटातली. आतड्यांभोवतीची.
म्हणजे कापड तेच, अस्तर कमी करायचं?
त्या हसल्या. अस्तर, हो.
गाल मात्र भरणार नाहीत, हेही सांगून टाकलं.
मग मी सही केली.

माझ्याकडे फ्रिज नाही.
शेजारच्या वत्सला ढेबेला सांगितलं, साखरेचं इंजेक्शन आहे.
तिनं दारातली अंडी हलवून जागा केली.

रात्री मशीन झाकलं की
चिमूटभर पांढऱ्या भुकटीत पाणी सोडायचं.
बाटली हलवायची नाही, तळव्यांत फिरवायची,
वात वळतो तशी, सावकाश,
भुकटी पाण्यात दिसेनाशी होईपर्यंत.
मग बेंबीच्या खाली, कालची जागा सोडून.
एवढी वर्षं दुसऱ्यांच्या कापडात सुई घातली,
पहिल्या रात्री माझ्यात घालताना
टाका कुठं घ्यायचा तेच कळेना.

तिसऱ्या महिन्यात बोटांची पेरं आखडली.
दोरा ओवायला वत्सलाची धाकटी यायची, सातवीतली,
डोळे तीक्ष्ण, जीभ त्याहून.
डब्यावरचं नाव तिनंच वाचलं असणार,
मोबाइलवर शोधलं असणार.
कारण एका सोमवारी फ्रिज उघडला
तर अंड्यांशेजारी डबा नव्हता.

किती वेळ उभी होते कोण जाणे. गार वाफ तोंडावर.
चाळीतली सगळी दारं मनात एकेक करून लागत गेली.

डबा वरच्या कप्प्यात होता,
नैवेद्याच्या श्रीखंडाला टेकून, धुतल्या फडक्यात.
वत्सला कणीक मळत होती. वर पाहिलं नाही तिनं.
म्हणाली, दारात गार कमी लागतं गं,
उघडझाप फार होते.

अडतीसाचा टेप साडेछत्तीसवर आला.
दीड इंच. गिऱ्हाईक असतं तर
मी फिटिंगमध्येच मिरवलं असतं.
मग अभ्यास संपला. हाक मारणारं कुणी उरलं नाही,
आणि गाठ पुन्हा आपल्या नादात.
विकत घ्यायला काय पडेल, विचारलं.
डॉक्टरांनी आकडा सांगितला.
मी पिशवीतून त्यांचा कुर्ता काढला, काज झालेत म्हटलं.

आता टेप सदतीसच्या पुढे सरकलाय.
रोज बघत नाही. कधीतरी बघते.

काल वत्सला ब्लाउज घेऊन आली,
दंडात घट्ट होतो, काखेत काचतो.
आत माया ठेवलीयस ना?
मी उलटा केला, शिवण चाचपली.
दोन बोटं होती. मी सगळ्यांनाच ठेवते.
उजवी बाजू उसवायला घेतली.
ती उठलीच नाही. डबीतली दुसरी सुई शोधून
डावीकडची टीप ती काढू लागली,
वाकडीतिकडी, माझ्यापेक्षा हळू.